दुसरी कडी

पत्र्याच्या पेटीला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. एक कडी झिजून चकचकीत झाली होती. दुसरीवर दुकानातला हिरवा रंग जसाच्या तसा होता, पण तिच्या खालचा पत्रा घासून घासून फाटत आला होता. कोबाने ते पाहिलं, आणि घाईत सोडून दिलं.

"आजी, ऊठ. ट्रक निघतोय."

सागाय उठली नाही. पेटीशेजारी थंड वाळूत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

सागाय सोळा वर्षांची, कोबा पंचेचाळिशीची. पण सागाय हे कोबाच्या आजीचं नाव, आणि वाळवंटातल्या त्यांच्या त्सुमक्वे गावात नावाबरोबर नातंही मिळतं. म्हणून कोबा या पोरीला आजी म्हणे, पोरगी तिला नाती म्हणून हाक मारी, आणि आजी-नातीत चालते ती सगळी थट्टा दोघींत चाले. आज सकाळपासून चालत नव्हती.

शहरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी कोबा 'सोबत' नावाचं काम चालवत असे. प्रत्येक पोराला गावातलं एक मोठं माणूस जोडून द्यायचं. त्याने सुट्टीत पोराबरोबर अभ्यासाला बसायचं, त्याला धीर द्यायचा आणि सुट्टी संपली की ट्रकमध्ये बसवून द्यायचं. इथल्या आज्यांनी दुसऱ्यांची गुरं राखली ती तंबाखूवर, बापांनी राखली ती पिठाच्या पोत्यावर. नातवांनी राखू नयेत, एवढंच कोबाला हवं होतं. पण पोरं परत येत. बाकू परत आली. गाओ तर चालत आला, आणि बापाने जी गुरं राखली त्याच शेतावर कामाला लागला. आता सागाय एकटी उरली होती. ती गेली नाही, तर 'सोबत' कुणाला करायची?

ट्रकवाला तोमा खिडकीतून ओरडला, "अगं बायांनो, वाळू तापली की चाकं रुततात! आजीला उचलून टाकू का मागे?"

"आधी स्वतःच्या बायकोला उचलून दाखव," कोबा म्हणाली.

तोमा हसला. सागाय हसली नाही. कोबाला त्याचीच भीती वाटली. ती वाळूत तिच्यासमोर बसली.

"मारतात का तिथे?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"नाही गं."

"मग?"

"पहिल्या दिवसापासून नावं ठेवायचे. वर्गात, जेवणाच्या रांगेत. ही रानातली कशाला आलीय, हिला काय येतंय, हिला वास येतो. मी हसायचे. मला बरं वाटायचं."

"बरं वाटायचं?"

"मला वाटलं, मी प्रवेशाच्या परीक्षेत गणितात पहिली आले म्हणून म्हणतायत."

ही चूक इथलंच लेकरू करू शकतं. कुणी मोठं जनावर मारलं की इथे शाबास म्हणत नाहीत. लोक नाक मुरडतात. या हाडांच्या गाठोड्यासाठी आम्हाला एवढं चालवलंस? शिकारीही म्हणतो, खरंय, फेकूनच देऊ. त्याला गर्व चढू नये म्हणून ही रीत. जनावर जेवढं मोठं, तेवढी टिंगल मोठी. सागायचा निकाल पाहून कोबा स्वतः म्हणाली होती, "हे गुण? यात मुंगीचं पोट भरायचं नाही." तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

"मग कळलं कधी?"

"सुट्टी लागली तेव्हा." सागाय वाळूत बोट ओढत होती. "आपल्याकडे नावं ठेवतात, आणि मग सगळे उठतात. शिकार खांद्यावर घेऊन येतात. तिथे मी पेटी ओढत रस्त्यापर्यंत आणली. सगळे बघत होते. तेच बोलत होते. मी थांबले, नाती. मध्येमध्ये मुद्दाम थांबले. उचलायला कुणीच आलं नाही." तिचं बोट थबकलं. "तेव्हा कळलं, ते खरंच तसं म्हणत होते. पहिल्यापासून."

लहानपणी कोबाही त्याच शाळेच्या वसतिगृहातून पळाली होती. कुंपणाच्या तारेचा माग धरून घरी आली होती, आणि त्या शहरात पुन्हा झोपायचं नाही असं तिने ठरवलं होतं. कामाला पैसे देणारे लोक तिला कधीपासून सांगत होते, तिकडे राहायला जा, वसतिगृहाच्या शेजारी खोली आहे. ती म्हणे, बघू. पाऊस होऊ दे. पाऊस झाला की म्हणे, झाडांचे दाणे वेचून होऊ देत. आणि दर सुट्टीनंतर ती इथे उभी राहून ट्रकला हात हलवी. जिथे तिला स्वतःला एक रात्र काढवली नसती, तिथे ती पोरांना एकटं धाडत होती.

तोमाने भोंगा वाजवला.

"मी नाही जात," सागाय म्हणाली. "गाओबरोबर गुरं राखीन. गुरं नावं ठेवत नाहीत."

कोबा उठली. पेटीला वळसा घालून पलीकडे गेली. हिरव्या रंगाच्या कडीत तिने हात घातला, पेटी जराशी उचलली आणि धप्पकन खाली टाकली. मग मोठ्या शिकारीपुढे उभं राहून मुरडावं तसं नाक मुरडलं.

"ही पेटी? एवढ्यासाठी मला थंडीत उठवलंस? नुसती हाडं भरलीयत यात. कोण वाहील असलं गाठोडं?"

सागायने मान वर केली. कोबाचा हात अजून कडीतच होता.

"तोमा, माझ्या झोपडीतून पांघरूण घेऊन ये. आणि आजी, तू धर तुझ्याकडची कडी. मी येतेय तिकडे राहायला."