बांधावरचा आपटा

दसऱ्याला पारावर सीमोल्लंघनाची गोष्ट सांगण्याचा मान बन्सीआण्णांचा, आणि मिळालेला मान वाया घालवतील तर ते आण्णा कसले! "पाऊस सरला, पीक घरात आलं, की जुन्या काळी गडी शीव वलांडून मोहिमेवर निघायचे. म्हनून ह्याला सीमोल्लंघन म्हनत्यात. आता मोहिमा न्हाई राहिल्या; आपन आपलं सोनं लुटायचं."

गेली दोन वर्षं चिखलामुळं आपट्याची पानं श्रीगोंद्याच्या बाजारातून आली होती. "इकतचं सोनं कशाला? यंदा झाडालाच जाऊ," असं शेतशेजारीण रतनबाई म्हणाली, तेव्हा आण्णांना तिच्या श्रद्धेचं कौतुकच वाटलं. झाड होतं शिवेलगत, दोघांच्या शेतांमधल्या बांधावर. श्रद्धा तर आण्णांचीही कमी नव्हती. नांगरट करताना सोन्याच्या झाडाला त्यांनी कधी फाळ लागू दिला नव्हता.

हलगीच्या तालावर सारं गाव बांधावर पोचलं आणि हलगी थांबली. आपटा बांधावर नव्हता. तो आण्णांच्या उसात, चांगल्या चार सऱ्या आत उभा होता.

रतनबाईनं उसात शिरून दोन पानं तोडली आणि आण्णांच्या हातावर ठेवली.


"घ्या आण्णा, सोनं! झाड हाय तिथंच हाय बगा. तुमचा बांध तेवढा माज्या रानात मोहिमेवर आलाय."