पळसाची पानं

"फुलं तोडायची नाहीत, गवतावर बसायचं नाही," बंगल्याच्या फाटकावरच्या माणसाने बजावलं. सेतुमाधव म्हणाला, फुलं नकोत, पळसाची पानं हवीत. कशाला, ते सांगायला त्याची जीभ रेटेना. माळ्याला विचारा, म्हणून फाटकवाल्याने हात झटकले.

रंगूनवर बॉम्ब पडले त्याला बारा वर्षं उलटून गेली होती. सेतूचे वडील, राघोत्तमराव, तिथे कारकून होते. ते तिकडे नोकरीला गेले तेव्हा सेतू पाटी-पेन्सिलीच्या वयाचा. बॉम्बनंतर इतरांबरोबर पायी मायदेशी निघाले, एवढीच खबर आली. माणूस काही आला नाही. असा माणूस बारा वर्षांत परतला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. माणसाच्या हाडांइतकी पानं लागतात आणि डोक्याच्या जागी नारळ. मग बायकोचं कुंकू पुसायचं.

त्याची आई कृष्णवेणीअम्मा हे होऊ देत नव्हत्या. नातेवाईक समजावून थकले. धाकट्या अलमेलूचं लग्न त्यापायी अडलं होतं. बाप आहे की नाही, हेच ज्या घराला सांगता येत नाही, तिथली मुलगी कोण करून घेणार? अम्मा म्हणायच्या, माझा जीव सांगतो, ते आहेत.

गेल्या महिन्यात अम्मा शेजारणींबरोबर हीच बंगल्याची बाग बघून आल्या. पोट बिघडलंय म्हणत कित्येक दिवस धड जेवल्या नाहीत. मग आपणहून म्हणाल्या, विधी उरकून घे. पानं मात्र त्या बागेतल्या पळसाचीच आणायची, आणि मीही येणार. सेतूला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाजही वाटली.

बंगला अड्यार नदीच्या काठी कुणा गोऱ्या व्यापाऱ्याने बांधलेला. चुन्याचे खांब आरशासारखे घोटलेले. मागे देशोदेशीची झाडं, प्रत्येकाला नावाची पत्र्याची पाटी. सुट्टी म्हणून लोकांची ही गर्दी. अम्मांनी बंगल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तडक पळसाकडे गेल्या.

तिथे माळी आळं खणत होता. पिकली दाढी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. सेतूने तमिळमधून काम सांगितलं. माळ्याने एकदा दोघांकडे पाहिलं आणि शिडी आणली. फार बोलणारा नव्हता. एकेक पान देठापासून अलगद तोडून टोपलीत ठेवायचा. असा वेळ लावत होता की सेतू मनातून वैतागला.

अम्मा शिडीखाली उभ्या होत्या. त्याही घरची भाषा सोडून तमिळमधूनच म्हणाल्या, "उद्या अमावस्येला विधी आहे. वैशाखात मुलीचं लग्न करायचंय."

माळ्याचा हात थांबला. चांगलं आहे, असं काहीतरी तो पुटपुटला आणि पुन्हा पानं तोडू लागला.

पानं झाली तशी त्याने केळीच्या सोपटाने जुडी बांधली आणि न मागता आपल्या खोपटातून एक सोललेला नारळ आणून वर ठेवला. याला कसं ठाऊक, असं सेतूच्या मनात येऊन गेलं. पण देवळांच्या या गावात माळ्यानेही असलं काही ऐकलेलं असणारच.

खोपटातून त्याची बायको आली. वयाने बरीच लहान, कडेवर मूल. दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू न लावता कसं पाठवायचं? तिने करंडा पुढे केला. उद्या हेच कुंकू पुसायचं होतं. अम्मांनी ते लावून घेतलं. मग आपल्या बोटाने तिच्या कपाळी लावलं, भांगात भरलं आणि म्हणाल्या, "दीर्घ सुमंगली हो, बाळ."

माळी पाठमोरा बसून आळ्यातली माती सारखी करत होता.

परतीच्या बसमध्ये अम्मा रडल्या. इतक्या वर्षांत सेतूने त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मन मानत नसेल तर नको करूया, तो म्हणाला, अलमेलूचं बघू पुढे काहीतरी. अम्मांनी नकारार्थी मान हलवली आणि डोळे पुसले. टी. नगरच्या वळणावर बसने हिसका दिला तशी त्याच्या मांडीवरची जुडी घसरली.

"सांभाळ रे," अम्मा म्हणाल्या. "तुझ्या अप्पांनी स्वतःच्या हाताने तोडलीत ती."