नावाच्या चौकटीत

परतवाड्यातल्या शेषरावांच्या हारफुलांच्या दुकानाची वेबसाइट त्यांच्या लेकीनं, प्रतीक्षानं, बनवली होती. ऐन लग्नसराईत कुण्या टवाळखोरानं नावाच्या चौकटीत कम्प्युटरच्या भाषेतला हुकूम लिहिला, आणि भोळा कम्प्युटर ऑर्डरींची अख्खी यादी पुसून मोकळा झाला.

मग प्रतीक्षानं सगळं नव्यानं लिहिलं. हुकूम आधीच पक्के बांधून टाकले, नाव-गाव भरायला नुसत्या रिकाम्या जागा ठेवल्या.

"आता चौकटीत कोणी काहीबी लिहू द्या, बाबा. कम्प्युटर ते नाव समजून लिहून घेते. हुकूम म्हणून आयकत नाही."

"पाहू बरं," म्हणत शेषरावांनी आपल्या फोनवरून नावाच्या जागी लिहिलं, 'सगळं पुसून टाक'.

कम्प्युटरनं अदबीनं कळवलं, 'सगळं पुसून टाक जी, आपली ऑर्डर मिळाली.' यादी जागच्या जागी. बापलेक पोट धरून हसले.

सकाळी प्रतीक्षाची आई, वच्छलाबाई, रोजच्यासारख्या वेबसाइटवरच्या ऑर्डरी दुकानातल्या फळ्यावर उतरवायला गेल्या. आठवडाभराच्या तोंडी ऑर्डरीही त्याच फळ्यावर खडूनं लिहिलेल्या होत्या, दुसरीकडे कुठंच नाही.

प्रतीक्षा चहा घेऊन आली, तर फळा कोरा करकरीत!

"फळा काहून पुसला वं माय?"

वच्छलाबाईंनी ओला फडका शांतपणे पिळला.



"तुह्या बाबाच्या नंबरावरून लिहून आलं नं, 'सगळं पुसून टाक'. म्हटलं, जन्मात एक डाव त्यायचं आयकून पाहावं!"