बाबांना येतं

कोंबडीच्या पिल्लाच्या बुडाला शी वाळून घट्ट बसली होती. वाट अशी बंद झाली की पिल्लू हातचं जातं, म्हणून ती बाह्या सरसावून उठली. पण कोमट पाणी आणि कापूस घेऊन नवरा आधीच खोक्यापाशी बसला होता. ती बघतच राहिली. लेक तान्ही असताना याच माणसानं तिचा एकही लंगोट कधी बदलला नव्हता. तिनं शी केली की हा नाकाला रुमाल लावून घराबाहेर!

"ओढू नका हं, कातडी सोलवटेल."

"माहितीये गं. आधी भिजू दे."

कापूस भिजवत, चुचकारत त्यानं सगळं हलक्या हातानं सोडवलं. मोकळं झालेलं पिल्लू त्याच्या तळहातावरच शिटलं.

"झाली! अगं, झाली!" तो सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडला.

"आणि वास?"

"येतो की." पिल्लाला फडक्यानं टिपून त्यानं दिव्याच्या उबेत ठेवलं. "लेकीला फोन लाव. म्हणावं, बाळाला घेऊन खुशाल ये. बाबांना येतं आता."