वरचे दात

"ही गाय चालणार नाई," नत्थूजी म्हणाले आणि पुस्तक मोतीलालपुढे सरकवलं.

मोतीलाल वर्ध्याहून पुस्तकांची पिशवी घेऊन तळेगावच्या बाजूला गावोगाव हिंडायचा. आज त्यानं बालवाडीच्या सतरंजीवर तीन पुस्तकं मांडली होती. एक हत्तीचं, एक कोंबडीच्या पिलांचं, एक गाईचं. एक्याऐंशी सालच्या त्या एप्रिलात बालवाडीला एकच पुस्तक घेता येणार होतं. निवड प्रमिलाबाईंनी करायची. त्या बालवाडीच्या बाई. पण पुस्तक जनावरांचं म्हटल्यावर नत्थूजींना डावलायची कोणाची छाती नव्हती. तळेगावच्या बाजारात त्यांनी मान डोलावल्याशिवाय बैलजोडी विकली जात नसे. निदान असं ते स्वतः सांगत.

"काऊन चालणार नाई?" मोतीलालनं विचारलं. "नत्थूजी, पुस्तक आहे हे. हिचं दूध थोडंच काढायचं आहे?"

नत्थूजींनी दुपट्ट्याचा शेव तोंडापुढे धरला. गेल्या हिवाळ्यापासून ते असेच बोलत. चारचौघांत तोंड झाकून बोलावं, त्यात सभ्यपणा आहे, असं ते म्हणत. गाव गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेई.

"रंगाचं मी काही म्हणत नाई," ते म्हणाले. "आपली गौळाऊ गाय पांढरी राह्यते, ही काळी-पांढरी. असंल बाहेरची. शिंगायचं बी सोडून देतो. पण दात पाहा तिचे, दात!"

चित्रातली गाय डोक्याला रुमाल बांधून बाजाराला निघाली होती आणि तोंडभर हसत होती. वर आणि खाली, दोन्हीकडे पांढरेशुभ्र दात.

"गाईले समोरचे वरचे दात नसतेच. खाली आठ अन् वर नुसती हिरडी. असे दात गध्याले राह्यते! उद्या हे लेकरं बाजारातून गाय म्हणून गधा घेऊन येतील."

प्रमिलाबाईंनी हसू दाबलं. तसं त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. पुस्तकाचा हट्ट त्यांनी धरला होता तो धुरपतासाठी.

धुरपता ही नत्थूजींची नात. साडेपाच वर्षांची. दिवाळीपासून बालवाडीत येत होती आणि दिवाळीपासून तिथं तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. घरी, त्यातही गोठ्यात, आजोबांच्या मागे मागे फिरताना तिची टकळी थांबत नसे. बालवाडीच्या उंबऱ्याशी आली की तोंडाला कुलूप. येत्या जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. हेडमास्तरांनी साफ सांगितलं होतं, आपलं नाव सांगेल तर घेऊ, नाहीतर पुढच्या वर्षी आणा. त्या दिवशी नत्थूजी शाळेतून आले ते न जेवताच झोपले. आपल्या नातीला कोणी मुकी समजावं, हे त्यांना फार लागलं होतं.

"बाई, तिन्ही वाचून पाहा," मोतीलाल म्हणाला. त्याला बाराची एसटी गाठायची होती. "कोणतं घ्यायचं ते पोरंच सांगतील."

बाईंनी हत्तीचं वाचलं. पोरं खूश झाली. हत्तीनं सोंडेतून पाणी उडवलं तेव्हा पोरांनीही एकमेकांवर उडवून घेतलं. धुरपता सतरंजीचा एक दोरा उसवत बसली. मग पिलांचं झालं. सगळ्यांनी चिवचिव केली. धुरपताचा दोरा वीतभर लांब झाला.

"हत्तीचंच घ्या," नत्थूजी म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. हत्तीत त्यांना खोट सापडली नाही, कारण हत्ती त्यांनी कधी विकला नव्हता.

प्रमिलाबाईंनी गाईचं पुस्तक उघडलं. नत्थूजींनी मान फिरवली.

"गाय बाजाराला निघाली," बाई वाचू लागल्या. "वाटेत तिला बेडूक भेटला. गाय त्याच्याकडे पाहून हसली." त्यांनी चित्र पोरांकडे वळवलं.

धुरपता उठली. पोरांना ओलांडत पुढे आली. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "गाईले वरचे दात नसते."

बाईंच्या हातून पुस्तक पडता पडता राहिलं. पण बाई हुशार. त्यांनी आवाज जरासुद्धा बदलू दिला नाही.

"असं कसं? पुस्तकात तर आहेत."

"पुस्तक लबाड आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"आबानं. तोंड उघडून दाखवलं."

"कोणाचं तोंड?"

"पयले गाईचं," धुरपता म्हणाली. "मंग सोताचं. आबालेबी वरचे नाईत."

मोतीलाल पिशवीत काहीतरी शोधू लागला. पोरं नत्थूजींकडे वळून पाहू लागली. दुपट्ट्याचा शेव केव्हाच खाली पडला होता. नत्थूजी हसत होते, अगदी मोठ्यानं, आणि त्यांची वरची बोडकी हिरडी अख्ख्या बालवाडीला दिसत होती. मग डोळे पुसायला त्यांनी दुपट्टा पुन्हा वर घेतला.

"पुढच्या खेपेला वरचे दात नसलेली गाय आणतो," मोतीलाल म्हणाला. "तोवर हत्ती ठेवा."

नत्थूजींनी गाईचं पुस्तक उचलून काखेत घट्ट धरलं.

"हीच गाय पाह्यजे. जूनमधी हेडमास्तरपुढं हेच पान उघडतो."

"आणि तिथं धुरपता बोललीच नाही तर?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"तं मंग दुपट्टा घरी ठेवून या गाईच्या बाजूले मी बी हसत बसतो."