मुलींच्या दिवसाची भेट

सात मार्च, सकाळी साडेसात. महिला दिनाचा हा आदला दिवस चीनमधल्या कॉलेजांत मुलींचा दिवस म्हणून साजरा होतो. मुलींच्या वसतिगृहासमोर लाल फलक लागला : ‘आमच्या राजकन्येला मुलींच्या दिवसाच्या शुभेच्छा. तुझे एकोणतीस भाऊ.’ लानचौच्या त्या महाविद्यालयात बोगदा-बांधणीच्या शेवटच्या वर्षाला थाओ यून ही एकटीच मुलगी.

वर्गप्रमुख फान ज्युनने तिच्या हातात फुलं दिली. “खरी भेट वेगळीच आहे. बोगद्यातल्या प्रशिक्षणाच्या यादीतून तुझं नाव काढून घेतलंय. तीन महिने ऑफिसात बस, हीटरपाशी. सगळ्यांनी सह्या केल्यात.”

“मला विचारायचं तरी.”

“मग सरप्राइज कसलं?”

“अरे, बोगद्यात काम केल्याचा दाखला नसेल तर मला नोकरी कोण देणार?”

“आणि तुला चिखलात उतरवलं तर लोक आम्हाला काय म्हणतील?”

नऊ वाजता तिने नवा अर्ज लिहिला. त्यावर वर्गप्रमुखाची सही लागेल, असं कार्यालयाने सांगितलं.

फानने अर्ज दोनदा वाचला. “माझी काही हरकत नाही गं. पण पोरांना वाईट वाटेल. एवढ्या प्रेमाने केलं होतं.”

मुदत पाचपर्यंत होती. साडेचार वाजता अर्ज फानच्या खिशात होता, आणि तो तिच्यासाठी केक आणायला गेला होता.