सेटिंग

रूनेचं यकृत बदलल्याला तिसरा दिवस होता. तो स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये ट्राम चालवायचा. पोटावर एवढे टाके असूनही माझ्या सोनोग्राफीच्या टेबलावर तो मिश्कीलपणे म्हणाला, "काय डॉक्टरबाई, आपली गाडी वेळेवर आहे ना?"

मला हसू आलं नाही. नव्या यकृताला रक्त पुरवणाऱ्या धमनीत प्रवाहच दिसत नव्हता. सीटी स्कॅनचं औषध त्याच्या मूत्रपिंडांना सोसलं नसतं, म्हणून सर्जननं माझ्याच शब्दावर तासाभरात त्याचं पोट पुन्हा उघडलं.

धमनी व्यवस्थित वाहत होती. आधीच्या पेशंटचा वेगवान प्रवाह बघायला बदललेलं मशीनचं सेटिंग मी परत फिरवलंच नव्हतं. त्यावर यकृताच्या धमनीतला तुलनेनं मंद प्रवाह दिसत नाही.

सर्जनला मी सगळं कबूल केलं. तो एवढंच म्हणाला, "मार्गित, हे रूनेला तूच सांगायचंस."

दुसऱ्यांदा उघडलेल्या जखमेत पू झाला. रूने दोन आठवडे अतिदक्षता विभागात होता. तो वॉर्डात आल्यावर मी मनाचा हिय्या करून गेले. मला बघताच त्याची बायको बार्ब्रो उठली आणि माझ्या गळ्यातच पडली.

"रूने, ह्याच त्या! ह्यांनी वेळेत पकडलं म्हणून तू आज आहेस!" तिनं घरी भाजलेले दालचिनीचे पाव माझ्या हातात ठेवले. रूनेनं हात जोडावेत तसा माझा हात दोन्ही हातांत धरला.



"अहो, त्यात काय," मी म्हणाले, "माझं कामच आहे ते."